स्थळ : जिना

माझ्या दादाच्या दाराशी एक बाई एक्केचाळीस वेळा येऊन बसली, आणि सरकारी कागदावर ती एकदाही आलेली नव्हती. हे सगळं सांगायचं तर आधी दादा सांगायला हवा.

दादा वजनमापाच्या कार्यालयात होता. दुकानदार आपापली वजनं पिशवीत घालून आणायचे. दादा एकेक वजन काट्यावर चढवायचा, प्रमाण वजनाशी ताडून बघायचा आणि बरोबर उतरलं तर त्यावर शिक्का मारायचा. बावीस वर्षं. संध्याकाळी घरी आला की त्याच्या हातांना पितळेचा वास यायचा, साबणानंही न जाणारा. मग एके दिवशी जेवताना त्याचा हात थांबला.

"चिमणे, आज एक किलोचं वजन मी न बघताच पास केलं की काय गं?"

"तू न बघता पाणी तरी पितोस का रे?"

तो हसला. पण घास हातातच राहिला.

शंका अशी पाहुणी आली आणि घरचीच झाली. आधी वजनाची, मग गॅसच्या बटणाची, मग कुलपाची, मग स्वतःच्या डोळ्यांची. ऑफिसात तो एकेक वजन अकरा-अकरा वेळा तोलू लागला. साहेबांनी हळू आवाजात रजेवर जायला सांगितलं. दादा घरी आला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली. म्हणाला, माझ्या शिक्क्यावर विसंबून ज्यांनी कमी माल घेतला ती माणसं जाब विचारायला येणार. त्यानंतर परक्या माणसाचं पाऊल घरात पडलं नाही. मी तेवढी ये-जा करायची, तीही तो कडी काढून आतल्या खोलीत गेल्यावर. अडीच वर्षं घराला फक्त दोन माणसांचा श्वास होता.

मी शिवणकाम करते. दुपारपर्यंत दुकानात, उरलेलं घरी. सरकारी मानसिक आरोग्य केंद्रातून दादाच्या गोळ्या आणायला दर महिन्याला जायचे. तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "गोळीनं झोप लागेल हो. पण त्यांना माणसाची सवय मोडलीय, ती गोळीनं कशी लागेल? मी एक सोबतीण पाठवते." केंद्रात अशा शिकवून तयार केलेल्या बायका-माणसं होती. घरोघरी जायची, बसायची, बोलायची. सगळा सरकारी खर्च.

पहिल्या मंगळवारी चार वाजता टकटक झाली. दादा आतल्या खोलीतून ओरडला, "आत कुणी यायचं नाही!"

"नाही येत," बाहेरून आवाज आला. "इथे पायरीवर बसले तर चालेल का?"

आमच्या घरात किती दिवसांनी कुणी दादाला 'चालेल का' असं विचारलं होतं! दादा नको म्हणाला नाही, एवढंच.

तेव्हापासून दर मंगळवारी. पन्नाशीची, गुडघ्यांनी कुरकुरणारी बाई तीन मजले चढून यायची, वर्तमानपत्राची घडी पायरीवर टाकून बसायची आणि आमच्या बंद दाराशी बोलायची. बसमध्ये कोण भेटलं, गुडघा काय म्हणतोय, लेक फोन उचलत नाही. अर्धा तास, कधी पाऊण. खालच्या मजल्यावरच्या काकू जाता-येता चिडवायच्या, "काय हो, दार काय म्हणतंय?"

"बरं आहे, काकू. जरा कमी बोलतं."

सातव्या मंगळवारी दार बोललं.

"तुम्ही आज एक पायरी खाली बसलात," दादा म्हणाला. मी स्वयंपाकघरात मशीनवर होते. माझा पाय पायडलवर तसाच थांबला.

"अगंबाई! कसं कळलं?"

"आवाज खालून येतोय."

"वरची पायरी ओली आहे हो. आत्ताच कुणी पुसलीय."

"मग तसं सांगायचं ना."

त्यानंतर तो दाराला पाठ टेकून बसू लागला. दर मंगळवारी दुपारी दाढी करू लागला. दिसणार नाही अशा माणसासाठी कुणी दाढी केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मशीन चालवताना माझ्या डोक्यात ओळी फिरतात, आईचा वारसा तो. त्या दिवसांत ही फिरायची :

*पल्याड बसे बाई, अल्याड माझा भाऊ,*
*मधल्या फळीबाई, नको गं आड येऊ.*

पुढे दोघं भांडू लागली तेव्हा तर मी हरखून गेले. साखर आधी की चहापत्ती आधी, यावरून पंधरा मिनिटं! भांडण हा आमच्या घरातला हरवलेला आवाज होता.

आणि मग ते पत्र आलं. 'ग्राह्य गृहभेटी : शून्य. लाभार्थ्याने सेवा नाकारली असे समजून प्रकरण महिनाअखेर बंद करण्यात येत आहे.'

मी पत्र घेऊन तडक केंद्रात गेले. तिथले सुपरवायझर डोक्यावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधत होते. सोबतीण समोर उभी होती. म्हणजे बोलणी आधीच खाऊन झाली होती.

"बघा ताई, ही नियमपुस्तिका. पहिलं प्रकरण, व्याख्या." त्यांनी बोट ठेवून वाचलं. "गृहभेट म्हणजे प्रशिक्षित सोबत्याने लाभार्थ्याच्या निवासस्थानी, आतील जागेत, समोरासमोर, किमान तीस मिनिटे घेतलेली भेट. आता या बाईंचे फॉर्म बघा."

एक्केचाळीस फॉर्म. प्रत्येकावर स्वच्छ अक्षरात : 'स्थळ : जिना, वरून दुसरी पायरी.' एकावर नुसतं 'वरून तिसरी (दुसरी ओली होती).'

"तपासनिसानं सगळे लाल केले. अहो बाई, 'घर' असं लिहिलं असतं तर कोण बघायला येणार होतं? सगळे तेच लिहितात!"

"साहेब, बसले जिन्यात आणि लिहू घर?"

"काय बिघडलं असतं?"

"दाराआड कोण बसलाय ते विसरलात का? जन्मभर खोटं वजन पकडणारा माणूस. एके दिवशी तो विचारील, बाई, फॉर्मवर काय लिहिता हो? त्या दिवशी मी 'घर' म्हणाले, तर तो उठून आतल्या खोलीत जाईल. मग मी जिन्यात बसून काय करू, पायऱ्या मोजू?"

सुपरवायझरांना डोक्यावरचा चष्मा सापडला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "नियम शाखेत व्याख्या पुन्हा लिहायला घेतल्यात. तिथल्या मॅडमना कळवतो, येतात का बघू. पण त्यांचा भरवसा नको. महिना संपायच्या आत एक भेट, एकच, आत झाली, तर प्रकरण उघडं राहील."

एकच. तो शब्द घेऊन मी घरी आले आणि त्यानंच माझं डोकं फिरवलं.

दादाला म्हटलं, "एकदाच रे. अर्धा तास. बाईंना आत येऊ दे." तो म्हणाला, "बघतो." मंगळवारी चारला पाच कमी असताना त्याचं बघणं काही संपेना. तो आतल्या खोलीत होता. मी हळूच जाऊन कडी काढली आणि दार सताड उघडलं. सोबतीण वर येतच होती. दादा दाढी करून बाहेर आला, आणि समोर उघडं दार, दारात माणूस.

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो ओरडला नाही. कपाटाच्या मागे गेला, खाली बसला, दोन्ही कानांवर हात घेतले.

सोबतीण उंबरठ्याच्या आत आली नाही. एक पाऊल टाकून अर्धा तास बसली असती तर तिची भेट ग्राह्य झाली असती, तिची नोकरी सुखरूप राहिली असती. तिनं हात लांब केला आणि दार बाहेरून ओढून घेतलं. फटीतून मला एवढंच म्हणाली, "ताई, दार त्यांचं आहे हो."

पुढचे दोन मंगळवार दादा दाराजवळ फिरकला नाही. सोबतीण आली, अर्धा अर्धा तास एकटीच बोलली, फॉर्मवर 'आज उत्तर नाही' असं लिहून गेली. दादाची दाढी वाढली. मला वाटलं, सरकारनं बंद करायच्या आधी मीच हे प्रकरण बंद केलं.

शेवटी मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन जमिनीवर बसले.

"दादा, चुकलं माझं. तुला न विचारता कडी काढली."

त्यानं मान वर केली. "तू काढलीस?"

"मी काढली."

"नक्की तू?"

"नक्की मी. चारला पाच कमी होते. उजव्या हातानं काढली."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मला वाटत होतं, मीच घालायची विसरलो. दोन आठवडे आठवतोय, चिमणे, कडी घातल्याचं आठवत होतं आणि दार तर उघडं होतं." त्यानं हनुवटीवरून हात फिरवला. "मग ठीक आहे. तू वेडी आहेस, एवढंच ना."

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदमच. तो उठून आरशाकडे गेला.

महिन्याचा शेवटचा मंगळवार. चार वाजता जिन्यात दोन जणींची पावलं वाजली. एक ओळखीची, गुडघ्यावर हात ठेवत येणारी. दुसरी सावकाश. खालच्या काकूंचा आवाज आला, "आज दाराला बघायला पाहुणे का?"

नियम शाखेच्या मॅडम खरंच आल्या होत्या. मी पितळी झडप उचलून दारातल्या टपालाच्या फटीतून पाहिलं : पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी वाकून पायरी निरखली आणि सोबतिणीच्या खालच्या पायरीवर बसल्या.

"नमस्कार," त्या दाराला म्हणाल्या. "मी नियम लिहिते. व्याख्येतले 'आतील जागेत' हे शब्द माझे आहेत."

आत दादा दाराला पाठ टेकून बसला होता. मग त्यानं विचारलं, "का घातलेत?"

मला वाटलं होतं त्या पुस्तिका काढतील. त्यांनी काढली नाही.

"एका गावात एक एकटी बाई होती. तिचा सोबती रस्त्यावरूनच हाक मारायचा. वरचा पडदा हलला की भेट झाली असं लिहायचा. चार महिने. पडदा वाऱ्यानं हलत होता. आम्ही दार उघडलं तेव्हा बाई अंथरुणाला खिळलेली होती, तिला हाकही मारता येत नव्हती. वाचली. पण मी ठरवलं, यापुढे रस्त्यावरची भेट भेट नाही. म्हणून ते शब्द."

दादा म्हणाला, "मग शब्द खरे आहेत."

मी मनात म्हटलं, अरे, तुझ्याच बाजूनं बोल ना! पण तो दादा होता.

"वजन खरं आहे," तो पुढे म्हणाला. "मी असतो तर शिक्का मारला असता. पण तुम्ही त्या वजनानं कापड मोजायला निघालात. कापडाला मीटर लागतो. माझ्या बहिणीला विचारा."

मॅडमनी पिशवीतून वही काढल्याचा आवाज आला. "मग मी कशानं मोजू?"

"त्या बाईंबद्दल तुम्हाला काय कळायला हवं होतं?"

"की त्या आहेत. बऱ्या आहेत की नाहीत. आणि आमचा माणूस त्यांच्यासाठी आलाय, हे त्यांना ठाऊक आहे."

"मग तेवढंच लिहा की. भिंत कशाला लिहिता?"

"भिंत काढली की पुन्हा कुणीतरी रस्त्यावरून हाक मारील."

"मारील. म्हणून जागा सोबत्यानं ठरवायची नाही. ज्याच्यासाठी भेट आहे त्यानं ठरवायची. आणि त्यानं त्या वेळी काहीतरी स्वतः द्यायचं. पडद्याला देता येणार नाही असं."

"उत्तर?"

"उत्तर. सही. काहीही. पण त्या दिवशीचं. शिळं नको."

"आणि बोलायची इच्छा नसेल त्या दिवशी? कडी वाजवली तर चालेल?"

"कडीचा भरवसा नाही," दादा म्हणाला. "आमच्याकडे कडीला दुसऱ्यांचेही हात लागतात."

बाहेर सोबतीण खो-खो हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड लपवलं.

अशी ती दोघं एका दाराच्या दोन बाजूंनी घासाघीस करत बसली. मॅडम एक वाक्य वाचायच्या, दादा त्यात खोट काढायचा. दादा एक सुचवायचा, मॅडम विचारायच्या की मग बहिऱ्या माणसाचं काय, एकट्या माणसाचं काय, घरातलेच छळत असतील त्याचं काय. दादाला उत्तर सापडलं नाही की तो प्रामाणिकपणे म्हणायचा, "हे मला येत नाही, तुम्ही बघा." मध्येच उठून मला म्हणाला, "चिमणे, त्यांना चहा दे. मी आत जातो. गेलो की सांगतो, मग उघड." तो गेला, त्यानं सांगितलं, मी उघडलं. दोन कप बाहेर गेले. मी कडी घातली आणि मोठ्यानं सांगितलं, "घातली रे."

चहा सव्वापाचला संपला. मॅडम उठताना म्हणाल्या, "नियम बदलायला वेळ लागेल. पण स्पष्टीकरण काढायचा अधिकार मला आहे. तोवर हे प्रकरण बंद करू नये असं मी आजच लिहून देते." मग दाराकडे वळून : "तुम्ही कामावर असता तर तुम्हाला आमच्या शाखेत मागून घेतलं असतं."

"मी फार वेळ लावतो," दादा म्हणाला.

"आम्हीही."

मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. व्याख्या लिहिणारी माणसं दूर कुठे तरी बसलेली असतात, असं मी समजत होते. ही बाई आमच्या जिन्यात बसली, आणि तिनं स्वतःच्या हातानं, चांगल्या मनानं लिहिलेले शब्द आमच्यासाठी पुन्हा उघडून पाहिले. शिवलेला कपडा उसवणं शिवण्याहून जड असतं. मी रोज करते, मला माहीत आहे.

सहा आठवड्यांनी सुपरवायझरांचा फोन आला. "ताई, एक्केचाळीस ग्राह्य! पहिल्या सहा भेटींत भाऊ आतून ऐकत होते, असं तुमचं एक निवेदन तेवढं लागेल. आणि त्या दोन 'उत्तर नाही' लिहिलेल्या धरल्या नाहीत हं." मी म्हटलं, बरोबरच आहे. कागद हाती आला तो मी दाराशी बसलेल्या दादाला वाचून दाखवला :

'गृहभेट म्हणजे लाभार्थ्याने मान्य केलेल्या जागी, मग ती जागा उंबरठ्याच्या आत असो वा बाहेर, सोबती व लाभार्थी यांना परस्परांच्या उपस्थितीची खात्री असताना किमान तीस मिनिटे घडलेली भेट. अशा भेटीत लाभार्थ्याने स्वतः दिलेली त्या दिवसाची खूण नोंदवावी.'

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"'परस्परांच्या उपस्थितीची खात्री'," तो पुटपुटला. "हे त्यांचं आहे. मला नसतं सुचलं." मग भुवया उंचावल्या. "पण तीस मिनिटं कुणाच्या घड्याळानं?"

पुढच्या मंगळवारी सोबतिणीनं नवा फॉर्म दाराखालून आत सरकवला. तळाशी एक चौकट होती : लाभार्थ्याची खूण किंवा सही. दादानं तो वाचला. पालथा करून वाचला. आणि मग मला उमगलं की आपण त्याला कशात घातलंय. ज्या माणसाचा स्वतःच्या शिक्क्यावरचा विश्वास उडाला, त्याच्याकडे आता दर आठवड्याला, हे खरं आहे, असा शिक्का मागायचा. आणि हे त्यानंच सुचवलेलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या घड्याळात किती वाजले?"

"चार चौतीस."

"माझ्यात तेहेतीस."

"माझं पुढे असेल हो."

"असेल नको. कोणतं बरोबर?"

"आता ते मी कुठून सांगू?"

त्यानं पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मी मशीन थांबवली नाही. थांबवली असती तर मी बघतेय हे त्याला कळलं असतं. बाहेरच्या बाईनंही 'सोडा हो' म्हटलं नाही, 'करा हो' म्हटलं नाही. पाच मिनिटं गेली, मग आणखी पाच. माझ्या हाताखाली एका फ्रॉकची शिलाई वाकडी गेली ती गेलीच.

मग कागद सरकल्याचा आवाज झाला. बाहेरून सोबतिणीनं मोठ्यानं वाचलं, बहुतेक मला ऐकू जावं म्हणून :

"'सुरुवात चार वाजून एक मिनिट, माझ्या घड्याळानं. बाईंचं घड्याळ एक मिनिट पुढे. दोन्ही घड्याळांनी तीस मिनिटं पूर्ण.' आणि खाली सही. अहो, केवढी लफ्फेदार सही आहे!"

"जुनी सवय," दादा म्हणाला.

आज दुपारी मी शिवलेल्या फ्रॉकांची चळत दुकानात देऊन येत होते, तेव्हा सोबतीण जिन्याच्या तळाशीच भेटली. मंगळवार नव्हता. मी घाबरले.

"काही नाही ताई, सांगायला आले होते. पुढचा आठवडा मी नाही. लेकीचे दिवस भरत आलेत, तिच्याकडे जाते. पुढचा मंगळवार चुकेल."

"दादाला सांगितलंत? काय म्हणाला?" माझा जीव वर-खाली. त्याचे आठवडे त्या मंगळवारांवर टांगलेले.

"आधी विचारलं, परत केव्हा. मी म्हटलं, बाळंतपण ते, तारीख कशी सांगू?" तिनं रुमालानं कपाळ पुसलं. "मग म्हणाले, 'नक्की सांगू नका. जाऊन या. मी इथे आहेच.'"

ती कठड्याला धरून बाहेर उन्हात निघून गेली. मी तीन मजले चढून वर गेले, दाराशी उभी राहिले आणि आवाज दिला, "दादा, मी आलेय. उघडू का?"

"उघड," तो म्हणाला. कडी सरकली. आतल्या खोलीत जाण्याची पावलं मात्र मला ऐकू आली नाहीत.